जुन्या दगडी शेतवाड्याला आतून सिमेंटचा गिलावा करावा का?

ग्वाल्हेरजवळच्या आजोबांच्या शेतवाड्याला ओल येते, गोठ्याचा दगड झडतोय आणि गवंडी सिमेंट सुचवतोय, असं तुम्ही लिहिलंय. सिमेंट नकोच.

आपल्याकडचा दगड वालुकाश्म, म्हणजे सच्छिद्र. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, बाहेर पडते. तिथे सिमेंट थापलं की तीच ओल दगडातून वाट काढते, सोबतचे क्षार पृष्ठभागाखाली साठून स्फटिक होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. गोठ्यात हे जास्त दिसतं, कारण गोमूत्रामुळे भिंतीत सोरा हा क्षार तयार होतो. भिंतीवर फुटलेला तो पांढरा लोणा पाण्याने धुऊ नका, पाण्यासोबत पुन्हा आत मुरतो. कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि वाड्यापासून लांब टाका.

आधी भिंतीलगतची चढलेली माती उकरा, छपराचं पाणी लांब काढून द्या. निम्मं काम इथेच होतं. मग दर्जा खरवडून विझवलेला चुना आणि धुतलेली रेती, १ ला ३, असा मसाला भरा. दिवाळीनंतर काम काढा. लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, चालू असताना चुना पकडायच्या आत वाळतो. काही दिवस ओलं गोणपाट लावून ठेवा.

छताच्या पटियांना, म्हणजे लांब दगडी फरशांना, तडा असेल तर मात्र त्याखाली कुणाला झोपू देऊ नका. दगड वाकून इशारा देत नाही, थेट तुटतो. आधी टेकू लावा, बाकीचं नंतर.