मराठवाड्यात मोठी लॉ फर्म का उभी राहत नाही?

संभाजीनगरला १९८१ पासून हायकोर्टाचं खंडपीठ आहे, हुशार वकिलांचीही वानवा नाही, तरी मुंबईसारखी मोठी लॉ फर्म इथे का झाली नाही, असं तुम्ही विचारलंय. मी याच खंडपीठात वकिली करतो. इथे पैसा कमी, असं बहुतेक जण सांगतील. ते अर्धंच खरं आहे. माझ्या मते खरी अडचण चेंबरच्या, म्हणजे एका सीनियर वकिलाभोवती चालणाऱ्या ऑफिसच्या, रचनेत आहे. इथे पक्षकार चेंबरचा नसतो, वकीलसाहेबांचा असतो.

परभणीकडून भूसंपादनाच्या अपिलासाठी आलेला शेतकरी वकीलपत्रावर सही करताना एकच विचारतो, "साहेब स्वतः उभे राहतील ना?" फी साहेबांकडे जमा होते, ज्युनिअरला किती द्यायचं तेही तेच ठरवतात. साहेब गेले की पक्षकार एकेक करून फायली उचलतात, कुणी दुसऱ्या सीनियरकडे जातो, कुणी थेट त्यांच्या जुन्या ज्युनिअरकडे. इतक्या वर्षांत जमवलेले ड्राफ्ट कपाटातच राहतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि फार वाईट वाटतं.

फर्मचं गणित वेगळं असतं. बार कौन्सिलच्या नियमांमुळे वकिलाला जाहिरात करता येत नाही आणि फी बिगरवकिलाशी वाटून घेता येत नाही, त्यामुळे बाहेरचा गुंतवणूकदार आणणंही शक्य नाही. भांडवल म्हणजे माणसंच. ती टिकतात की जातात, हे नफा कसा वाटला जातो त्यावर ठरतं. एक पद्धत लॉकस्टेपची: वाटा ज्येष्ठतेप्रमाणे वाढत जातो, मग आपला पक्षकार दुसऱ्या भागीदाराकडे पाठवताना हात आखडत नाही. दुसरी, जो काम आणेल त्याचा पैसा. त्यात मेहनती माणसाला न्याय मिळतो, पण जो तो आपला पक्षकार लपवून ठेवतो. अमेरिकेतल्या ड्युई अँड लेबफ या फर्मने अनेक भागीदारांना ठरावीक कमाईची हमी दिली होती, ती डोईजड झाली आणि २०१२ मध्ये फर्मने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे अमरचंद मंगलदास ही १९१७ सालची फर्म २०१५ मध्ये दोन भावांत वाटली गेली. नेतृत्व पुढे कुणाकडे, हा प्रश्न नावाजलेल्या फर्मलाही चुकत नाही.

जुन्या कंपनी कायद्यातली वीस भागीदारांची अट एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला, लागू नाही, एलएलपीचा कायदा २००८ सालचा आहे. म्हणजे कायद्याची आडकाठी राहिलेली नाही. तुम्हाला खरंच सुरुवात करायची असेल तर सर्व्हिस मॅटर (सरकारी नोकरीचे वाद), भूसंपादन, सहकार आणि कंपनीची कामं करणारे चौघं एकत्र या. खातं एकच ठेवा. ज्युनिअरचा पगार आधी काढा, मग आपला वाटा. बीड-हिंगोलीची चांगली पोरं खोलीचं भाडं निघत नाही म्हणून पुण्या-मुंबईला जातात, आणि एकदा गेली की परत येत नाहीत.

आणखी एक गोष्ट लोक टाळतात. इथे साखर कारखाना, त्याला कर्ज देणारी बँक आणि ऊस घालणारा शेतकरी, तिघंही एकमेकांचे सोयरे निघतात आणि एकाच वकिलाकडे येतात. चौघांपैकी एकाने कारखान्याचं काम घेतलं की उरलेल्या तिघांनी कारखान्याविरुद्धची फाईल परत करायची, मग ती सख्ख्या मेव्हण्याची का असेना. यावर चौघांचं एकमत होत नसेल तर भागीदारीच्या करारावर सही करू नका.