नोकरीची खात्री नाही, पैसे कुठे ठेवू?

प्रश्न: ह्यांच्या कंपनीत माणसं कमी करतायत, हातात ४ पगारांएवढी शिल्लक आहे, सोनं घेऊन ठेवू का? - एक वाचक, पिंपरी

उत्तर: ताई, दागिने आत्ता नकोच, मोडायला गेलात की घडणावळ गेलीच समजा. एकच मोठी एफडी न करता चार छोट्या करा म्हणजे गरज पडली तर एकच मोडायची, बाकीच्यांचं व्याज चालू राहतं, आणि बँक बुडाली तर एका बँकेतल्या ठेवींना व्याजासकट ५ लाखांपर्यंतच विमा असतो हेही लक्षात असू द्या. आणि हो, पगार थांबला तरी घरात धान्य हवं, म्हणून एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू भरा, कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर कोठीत सुकलेला कडुलिंबाचा पाला घालून (ओला नको, बुरशी येते), तूरडाळीला एरंडेलाचा हात लावा. आमच्या आईची डाळ दिवाळीनंतरही किडत नसे.