लेखन आणि चित्रपट हे ख्रिस्ती माणसाचे पाचारण, म्हणजे देवाने सोपवलेले काम, असू शकते का?

अचलपूरजवळच्या खेड्यात राहून आपण लघुपट करू इच्छिता आणि प्रत्येक कथेत उपदेश असलाच पाहिजे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते उपदेश नसला तरी चालेल, काम मात्र खरे असले पाहिजे. येशूने पेरणाऱ्याचा दाखला सांगताना वाटेवर, खडकाळ जमिनीत आणि काटेरी झुडपांत पडलेले बी डोळ्यांपुढे उभे केले, आणि ऐकणाऱ्या लोकसमुदायाला विचार करण्यास मोकळे सोडले. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये छापलेले ख्रिस्तपुराण हे काव्य ओवीत आहे, तर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन जवळ केले. त्यामुळे आपल्या मातीची रीत वापरण्यास संकोच नको. (दादासाहेब फाळके यांनाही चित्रपट काढण्याची प्रेरणा येशूच्या जीवनावरील मूकपट पाहूनच मिळाली होती, हे मला फार मोलाचे वाटते.) कापूस वेचणाऱ्या बाईची बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली बोटे, आणि संध्याकाळी वजन होताना काट्यावर खिळलेली तिची नजर, एवढेच प्रामाणिकपणे टिपा. सुरुवातीला मोबाइल पुरेसा आहे. संहिता मात्र आधी त्याच बाईला वाचून दाखवा आणि ती जिथे थांबवील तिथे दुरुस्त करा.