वाचकांचे प्रश्न : कॉपरमाइन नदीत तांबं किती?

प्रश्न : नातवाच्या नकाशात कॅनडाच्या पार उत्तरेला 'कॉपरमाइन' नावाची नदी दिसली. तिथं तांब्याची खाण आहे का? नदीला असलं नाव कोण देतं?
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर : गंगाखेडच्या माणसानं हे विचारावं याची गंमत वाटली. नकाशात गोदावरी, पण माझी आई शेवटपर्यंत 'गंगंला जाऊन येते' असंच म्हणायची. तुमच्या गावाच्या नावातली गंगा तीच.

ही नदी लाक द ग्रा सरोवराच्या भागातून निघते आणि सुमारे 845 किलोमीटर वाहत उत्तरेला आर्क्टिक महासागराच्या कोरोनेशन आखाताला मिळते. मुख आर्क्टिक वृत्ताच्याही वर. वर्षातले सात-आठ महिने नुसता बर्फ.

नावामागं एक निराशा आहे. हडसन उपसागराकाठच्या इंग्रजांच्या किल्ल्यावर डेने लोक, म्हणजे तिकडचे मूळ रहिवासी, व्यापाराला येत, ते तांब्याचे तुकडे दाखवत. झालं, इंग्रजांच्या डोळ्यापुढं खाण उभी राहिली. सॅम्युअल हर्न नावाचा हडसन बे या इंग्रज व्यापारी कंपनीचा माणूस दोनदा निघाला, दोनदा हात हलवत परतला. तिसऱ्यांदा डिसेंबर 1770 मध्ये मतोनाबी या डेने पुढाऱ्याच्या भरवशावर निघाला, पायी, आणि जुलै 1771 मध्ये नदीवर पोहोचला. पाहतो तर खाण कसली, दगडगोट्यांचा पसारा. सगळ्यांनी मिळून जवळजवळ चार तास शोधलं. बऱ्यापैकी म्हणावा असा एकच तुकडा हाती लागला, चार पौंडांहून थोडा जास्त. मी मुद्दाम आमची तांब्याची कळशी काट्यावर ठेवली : एक किलो आठशे. म्हणजे एवढी पायपीट करून कळशीभर नव्हे, कळशीएवढं तांबं.

त्यात हर्ननं अक्षांशही चुकवला. मुख त्यानं जवळजवळ 72 अंशांवर दाखवलं. खरं ते 68 च्या आतच आहे. परभणी उचलून उज्जैनला ठेवावी तसं.

तांबं नव्हतंच असं मात्र नाही. तिथले इन्युइट, म्हणजे आर्क्टिक किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी, शुद्ध तांब्याचे गोळे सापडले की ठोकून सुऱ्या करत. त्यांना तेवढं पुरे होतं, कंपनीला नव्हतं.

मुखापासून थोडं वर एक धबधबा आहे. हर्नसोबतच्या डेने लोकांनी तिथं रात्री झोपलेल्या इन्युइटांची कत्तल केली. हर्ननं त्या जागेला 'रक्ताचा धबधबा' म्हटलं, नकाशावर तेच चिकटलं. इन्युइट त्याला नुसतं 'कुग्लुक' म्हणतात, म्हणजे धबधबा. मुखाशी वसलेल्या गावाचं नावही आधी कॉपरमाइनच होतं. 1 जानेवारी 1996 पासून ते कुग्लुकतुक झालं. नदीचं तेवढं जुनंच राहिलं.

आणि तांब्यासाठी एवढा आटापिटा झाला त्या नदीच्या उगमाकडं, लाक द ग्राच्या परिसरात, निघाले हिरे! कॅनडाची पहिली हिऱ्यांची खाण तिथंच 1998 मध्ये सुरू झाली.

नातवाच्या नकाशात मुखाशी कोणतं गाव छापलंय, तेवढं बघून कळवा. कॉपरमाइन असेल तर नकाशा तुमच्या मुलाच्या शाळेतला असणार.