२५ पैशांच्या नाण्यावरचा गेंडा कोणता, आणि त्याची नावं आली कुठून?

तुम्ही विचारलंय की स्टीलच्या २५ पैशांवर असलेला गेंडा आफ्रिकेतला की आपल्याकडचा, त्याची नावं कुठून आली, याआधी तो कुठल्या नाण्यावर होता का, आणि घरात सापडलेल्या अशा नाण्यांना किंमत येते का.

गेंडा आपलाच आहे, भारतीय एकशिंगी. नाणं उजेडात तिरकं धरून दोन गोष्टी बघा: नाकावर एकच शिंग आणि अंगावर कातडीच्या जाड घड्या, चिलखताचे पत्रे जोडावेत तशा. आफ्रिकेतल्या काळ्या आणि पांढऱ्या, दोन्ही गेंड्यांना दोन शिंगं असतात आणि अशा घड्या नसतात. रोमन सम्राट डोमिशियनच्या छोट्या तांब्याच्या नाण्यावर गेंडा आहे, पण त्याला दोन शिंगं आहेत, म्हणजे तो आफ्रिकेतला. नाण्यावरचा गेंडा ओळखायचा तर आधी शिंगं मोजावीत.

नाव म्हटलं तर आपल्याकडे दोन जुनी नावं आहेत. एक ‘गण्डक’, ज्याच्या घराण्यातला आपला ‘गेंडा’. दुसरं ‘खड्ग’, म्हणजे तलवार. हे दुसरं नाव नाण्यांच्या अभ्यासकांना फार प्रिय आहे, कारण गुप्त सम्राट पहिला कुमारगुप्त (इ.स. सुमारे ४१५ ते ४५५) याने त्यावर सोन्याचं नाणंच पाडलं. पुढच्या बाजूला राजा घोड्यावर बसून पुढे झुकलाय, हातात तलवार उगारलेली, आणि समोरचा गेंडा मान मागे वळवून त्याच्याकडे बघतोय. कडेने मजकूर आहे: ‘भर्ता खड्गत्राता कुमारगुप्तो जयत्यनिशम्’. खड्गत्राता म्हणजे तलवारीने रक्षण करणारा, आणि खड्गापासून, म्हणजे गेंड्यापासून, रक्षण करणाराही. मागच्या बाजूला मकरावर, म्हणजे मगरीसारख्या काल्पनिक जलचरावर, उभी गंगा आणि ‘श्रीमहेन्द्रखड्गः’ ही अक्षरं. दोन सेंटिमीटरच्या आसपासच्या सोन्याच्या चकतीवर शिकार, श्लेष आणि देवी एवढं सगळं बसवणाऱ्या कारागिराचं करावं तेवढं कौतुक थोडंच. हा प्रकार दुर्मीळ आहे. १९४६ मध्ये भरतपूरजवळ बयाना इथे गुप्त नाण्यांचा प्रचंड साठा सापडला, त्यातही अशी नाणी मोजकीच निघाली. त्या साठ्याची सूची ज्यांनी तयार केली ते डॉ. अनंत सदाशिव आळतेकर आपले मराठी.

कुमारगुप्ताच्याही कितीतरी आधी सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर, म्हणजे ठसे उमटवायच्या शिक्क्यांवर, गेंडा आहे, बहुतेक वेळा समोर गव्हाणीसारखं भांडं असलेला. महाराष्ट्रातही आहे: अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझच्या चार भरीव वस्तू मिळाल्या, त्यात चाकांवर उभा असलेला एक गेंडा आहे.

आता युरोपातली बाजू, आणि तिचा रस्ता गोव्यातून जातो. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. जानेवारी १५१५ मध्ये तो गोव्याहून जहाजाने निघाला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. पोर्तुगीजांनी त्याला ‘गांडा’ म्हटलं, म्हणजे इथलंच नाव तिथे गेलं. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा बघितला नव्हता. एका पत्रातल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून जर्मनीत ड्यूरर या चित्रकाराने लाकडी ठशाचं चित्र केलं. त्याने प्राणी स्वतः कधीच पाहिला नाही, म्हणून पाठीवर खांद्यापाशी एक जास्तीचं छोटं शिंग आलं आणि चित्रावरच्या मजकुरात गेंडा आल्याचं साल चुकून १५१३ पडलं. तरी दोनशेहून अधिक वर्षं युरोपातल्या पुस्तकांत तेच चित्र चालत राहिलं. बिचारा गेंडा मात्र पोपसाठी रोमला पाठवताना १५१६ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजाबरोबर बुडाला.

शास्त्रीय नाव स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ च्या आपल्या ग्रंथात दिलं: ऱ्हायनोसेरॉस युनिकॉर्निस. पहिला शब्द ग्रीक, नाक आणि शिंग मिळून झालेला; दुसरा लॅटिन, एकशिंगी. त्याच ग्रंथात दोन शिंगांच्या आफ्रिकी गेंड्याचं ठिकाण त्याने ‘भारत’ असं लिहिलं होतं, ते नंतरच्या अभ्यासकांनी दुरुस्त केलं. जुन्या पुस्तकांतून उतरवून घेताना हा घोळ अजूनही होतो, तेव्हा जपून.

एके काळी हा प्राणी पेशावरपर्यंत होता. बाबराने तिकडे त्याची शिकार केल्याचं स्वतः लिहून ठेवलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आसामच्या काझीरंगात अगदी थोडे उरले होते. १९०८ मध्ये तिथलं जंगल राखीव झालं, १९७४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि २०२२ च्या गणनेत एकट्या काझीरंगात २,६१३ गेंडे भरले. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांत असतं तेच, आत हाड नाही. त्या शिंगापायी इतकी कत्तल झाली, याचा संताप येतो.

आता तुमची नाणी. हे नाणं १९८८ ते २००२ या काळात पाडलं गेलं, वजन २.८३ ग्रॅम, व्यास १९ मिमीच्या आसपास. स्टील फेरिटिक, म्हणजे चुंबकीय प्रकारचं, असल्यामुळे चुंबकाला चिकटतं. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत तांबं-निकेलचं जुनं २५ पैसेही निघत होतं; त्यावर गेंडा नाही आणि ते चिकटत नाही, म्हणून नुसतं साल बघून वर्गवारी करू नका. सालाखाली चौकट-हिरा दिसला तर मुंबई टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. चिंच, लिंबू, घासणी यांपैकी काहीही लावू नका. बारीक ओरखडे उठले की संग्राहक ते नाणं हातात घेत नाहीत. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे.

किंमत? ही नाणी अफाट संख्येने निघाली. ३० जून २०११ पासून २५ पैसे चलनातून बाद आहेत आणि वापरलेलं साधं नाणं काही रुपयांतच जातं. ‘गेंड्याच्या नाण्याला दीड लाख’ असं सांगून आधी नोंदणी फी किंवा कर मागणारे फसवे आहेत. रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये तिचं नाव वापरून असे पैसे उकळणाऱ्यांबद्दल लोकांना सावध केलं होतं. कोणी आगाऊ एक रुपया जरी मागितला तरी देऊ नका, आणि ओटीपी तर अजिबात नाही.