रिअ‍ॅक्टची कंपोनंट लायब्ररी (म्हणजे बटण, इनपुट असे परत परत लागणारे स्क्रीनवरचे तुकडे एकत्र करून बनवलेलं पॅकेज) पहिल्यांदाच बनवताय? मग एवढं बघा

एकदम चाळीस कंपोनंट करायला घेऊ नका हो, बटण, इनपुट, मोडल (वर उघडणारी छोटी खिडकी) एवढ्यावर सुरू करा, आणि तेही दोन प्रोजेक्टमध्ये खरंच लागत असतील तरच.

नवीन लोक हमखास अडकतात ते इथे:

- रिअ‍ॅक्ट डिपेंडन्सीजमध्ये (लायब्ररीसोबत आपोआप इन्स्टॉल होणाऱ्या पॅकेजच्या यादीत) टाकतात. ते पीअर डिपेंडन्सीजमध्ये (म्हणजे वापरणाऱ्या अ‍ॅपचंच वापरायचं, अशा यादीत) हवं आणि बंडलमधून (लायब्ररीच्या तयार फाइलमधून) बाहेर, नाहीतर अ‍ॅपमध्ये रिअ‍ॅक्टच्या दोन कॉप्या येऊ शकतात आणि 'इनव्हॅलिड हुक कॉल' एरर बघत दिवस जातो, कारण कोडमध्ये चूक काहीच सापडत नाही.
- प्रत्येकाच्या हट्टापायी एकेक प्रॉप (कंपोनंटला बाहेरून द्यायची सेटिंग) वाढवतात. नाही म्हणायला शिका, नंतर काढलेला प्रॉप म्हणजे ब्रेकिंग चेंज, वापरणाऱ्यांचा कोड मोडतो, आणि १.०.० नंतर त्यासाठी मेजर व्हर्जन (पहिला आकडा) वाढवावं लागतं.
- डिव्हला (एचटीएमएलच्या साध्या डब्याला) ऑनक्लिक लावून बटण बनवतात. खरं बटण वापरा, कीबोर्ड फोकस फुकट मिळतो!

एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजेस जिथे ठेवतात तिथे) पब्लिश करायच्या आधी 'एनपीएम पॅक' कमांडने पॅकेजची फाइल बनवा आणि ती दुसऱ्या रिकाम्या प्रोजेक्टमध्ये इन्स्टॉल करून बघाच. 'एनपीएम लिंक'ने आपलं फोल्डर थेट जोडून चाललं म्हणजे झालं असं नसतं, पॅकेजमध्ये फाइल्स राहून जातात. आणि एकदा टाकलेला व्हर्जन नंबर एनपीएमवर परत वापरता येत नाही, अनपब्लिश केला तरी.

सुरुवात ०.१.० पासून करा. मोनोरेपो (अनेक पॅकेजेस एकाच रेपोत), थीमिंग (रंगरूप बदलायची सोय) वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका, आधी बटण तर बाहेर पडू दे, अडलात तर विचारा बिनधास्त.