पहिल्या बाळंतपणाला जाताना

पहिल्यांदाच डूला, म्हणजे बाळंतपणात बाईला धीर आणि सोबत देणारी, म्हणून जाते आहेस, तर एक गोष्ट पक्की ठेव: तपासणी, औषध, बाळाचे ठोके हे डॉक्टर आणि नर्सचं काम. आपण त्यात पडायचं नाही. आपण तिथे बाळंत होणाऱ्या बाईसाठी असतो, सलग.

हे 'सलग' फार मोलाचं आहे. 2017च्या कॉक्रेन आढाव्यात (म्हणजे अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) 26 अभ्यासांमधल्या 15 हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. सतत सोबत मिळालेल्यांत सिझेरियनचं प्रमाण कमी दिसलं, कळांचा काळही थोडा कमी.

कंबरेत कळा येत असतील तर माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर तळहाताने घट्ट दाब दे, कळ ओसरेपर्यंत. जोर किती हवा ते तीच सांगेल. काहींना त्या क्षणी स्पर्शच नको असतो, तेव्हा हात लगेच काढ. कूस बदलायला, पुढे वाकून टेकायला सुचव; घोट घोट पाणी चालेल का ते नर्सला विचारून घे.

नवऱ्याची जागा मात्र घेऊ नकोस. तो भांबावलेला असतो गं! दाब कुठे द्यायचा ते त्याला दाखव आणि बाजूला हो.

तिने एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करायला पाठीत दिलं जाणारं इंजेक्शन) मागितलं तर चेहऱ्यावर नाराजी उमटू देऊ नकोस. निर्णय तिचा. मी सुरुवातीला इथेच चुकले होते, आजही सलतं.